ॲम्पवरचा पाय

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणी कमी आणि किस्सेच जास्त जमलेत. त्यातले निम्मे एकट्या मिलिंदच्या गिटार ॲम्पचे! वाजतो तेव्हा झकास वाजतो. फक्त मधेच आवाज जातो आणि मनात आलं की परत येतो.

*

अकोल्यात जठारपेठेत मिलिंदच्या घरी आमची प्रॅक्टिस चालते. मिलिंदनं केबल बदलली, तारा बदलल्या, शेवटी गिटारच बदलली. आवाज जायचा तो जायचाच. शेजारच्या काकू रोज दारातून बघायच्या. एक दिवस न राहवून म्हणाल्या, "बाबू, बंद पडला की किती बरं वाटते! दुरुस्त काहून करून राहिले?"

*

मेकॅनिककडे नेला की दिवसभर ठणठणीत. घरी आणला की गप्प! तिसऱ्या खेपेला मेकॅनिक वैतागला. "मशीन चांगली आहे. तुमच्या घरातच काही तरी आहे."

आमचा ड्रमर सलीम म्हणाला, "मंग आमी प्रॅक्टिसलेच इथं येतो!"

आणि खरंच ड्रम घेऊन गेलो. सलीमनं पहिला दणका दिला, ॲम्प बंद. दुसऱ्या दणक्याला गिऱ्हाईक पळालं. मेकॅनिकनं हात जोडले, "आतलं काही तरी हालते. वरून दाबून ठेवा, अन् जा बाप्पा!"

*

तेव्हापासून मिलिंद एक पाय ॲम्पवर दाबून वाजवतो. पाय काढला की आवाज गुल. लोकांना मात्र ती स्टाइल वाटते! तिवस्याच्या कार्यक्रमानंतर एका हौशी गिटारवाल्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, पाय डावाच ठेवा लागते काय?"

*

मग आला अमरावतीचा कार्यक्रम. मिलिंद आणि शीतलचं जमलं होतं, पण तिचे बाबा अडून बसलेले. "गिटारवाल्याले पोरगी देत नसतो!" एकदा ऐका तरी, म्हणून शीतलनं त्यांना कसंबसं आणलं. बाबा थेट पहिल्या रांगेत.

आणि मिलिंदचा पाय उठेना!

"अबे, पाय ठेव!" मी कीबोर्डवरून ओरडलो.

"सासऱ्यासमोर पाय वर करू काय बे?"

गाणं सुरू झालं. आवाज गेला, आला, पुन्हा गेला. मिलिंदचं तोंड बघून मलाच रडू यायला लागलं. तेवढ्यात बाबा उठले आणि तरातरा स्टेजवर चढले. नकार तोंडावर सांगायला, दुसरं काय! पण माणूस वजनदार. पायऱ्यांनी दम लागला आणि ते समोरच्या ॲम्पवरच टेकले.

गिटार अशी वाजली म्हणता!

बाबा उठायला गेले, आवाज गेला. बसले, आला. मग ते शेवटच्या गाण्यापर्यंत बसूनच राहिले.

लग्नात मिलिंदनं स्वतःच गिटार हातात घेतली. गाणं रंगात आलं आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफर फॅमिली फोटोसाठी हाका मारायला लागला. "काका, इकडं या ना! सारे थांबले!"

ॲम्पवर बसलेले सासरे तिथूनच ओरडले, "कसा येऊ? उठलो तर जावई मुका होते!"