पहिल्या आवृत्तीतली हाक

काळजी करायला दशरथ तांडेलला कारण लागत नसे. पाणी खात्यात तो चावीवाला होता. शांती नगरच्या सेक्टरांना ठरल्या वेळी पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं, एवढंच त्याचं काम. पण चावी फिरवून घरी आला की घास हातातच राहायचा. बंद केली ना आपण? पुरती बसली ना? मग अर्ध्या जेवणावरून उठून सायकल काढायचा आणि जाऊन बघायचा. चावी बंदच असायची.

"एक दिवस राहू द्या उघडी," त्याची बायको मनोरमा म्हणायची. "सगळा मीरा रोड वाहून जाऊ दे. तुमचा जीव तरी एकदाचा शांत होईल."

नोकरी संपली आणि ही काळजी इंद्रलोक वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. गॅसचं बटण, गॅलरीची कडी, म्हाताऱ्या आईच्या गोळ्या. आणि अलीकडे मुलीचा खेळ.

स्वप्नाली विम्याच्या ऑफिसात होती. रविवारी दुपारी तिचे मित्र-मैत्रिणी जमायचे आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायचे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं तिथे फासे टाकून निकाल लावायचा. खेळ परदेशी होता, त्याचं नाव लॅम्पब्लॅक. विषय सगळा काळ्या विद्येचा. अंधारातून कुणाला तरी बोलवायचं आणि तो आला की त्याच्याशी निभावून न्यायचं. पुस्तकांवर शिंगं असलेली, डोळे नसलेली माणसं. दशरथ भज्यांची ताटली ठेवायला जायचा तेव्हा त्या चित्रांकडे पाठ करून ठेवायचा.

"हे असलं घरात कशाला गं?"

"बाबा, गोष्ट आहे नुसती. तू सिरियल बघतोस ना, तशीच."

"सिरियलमधल्या बायका कुणाला बोलवत नाहीत."

"अंकल, वो लोग तो बिना बुलाए आ जाते हैं," निकेत म्हणाला आणि टेबल हसलं. निकेत समोरच्या हेमालीबेनचा मुलगा. जुनी पुस्तकं शोधून आणायचं काम त्याचं.

दशरथच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न अडकला होता. जन्मभर सोडणं आणि बंद करणं हेच केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. एकदा स्वप्नाली एकटी सापडली तेव्हा त्याने विचारला.

"आलेल्याला परत कसं पाठवतात?"

"आवृत्तीवर आहे ते. पहिलीत फक्त बोलवायचा मंत्र आहे. घराचं दार उघडं ठेवायचं, एक दिवा लावायचा आणि सगळ्यांनी मिळून तीनदा नावाने हाक मारायची. फासे नाहीत, काही नाही. दुसरीत मिठाचं रिंगण आलं. तिथे आलेला जाताना टेबलाभोवती बसलेल्या कुणाचं तरी काहीतरी घेऊन जातो. तिसरीत फासे टाकून पाठवता येतं. आणि चौथीत..." तिने नाक मुरडलं. "चौथी म्हणजे बालवाडी. आधी सगळ्यांना विचारा, सगळ्यांची परवानगी घ्या. आम्ही पहिलीच खेळतो. तिच्यात दम आहे."

"पण पहिलीत परत पाठवायचं काय?"

"लिहिलंय ना. तो जाईल तेव्हा जाईल."

त्या दिवशी दशरथ नीट जेवला नाही.

पुढच्या रविवारी स्वप्नालीने गोष्ट भाईंदरच्या खाडीवर रचली. होडीवरून पडून बुडालेला एक खलाशी, त्याला बोलवायचं. त्याला नाव हवं होतं, कोळ्याचं आणि जुन्या वळणाचं. घरात बसायचा एक पाट होता. त्याच्या खालच्या बाजूला कुणीतरी खिळ्याने 'लवू' असं कोरलेलं. पाट बनवणाऱ्या सुताराचं असेल, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं. तिने तेच घेतलं.

दिवेलागणीची वेळ. घराचं दार उघडं ठेवलेलं, ट्यूबलाइट बंद, टेबलावर एक पणती. दशरथ स्वयंपाकघरात मनोरमाला कांदे चिरून देत होता.

"लवू, ये," पाच तरुण गळ्यांनी एकदम हाक मारली. "लवू, ये. लवू, ये."

दशरथच्या हातातून सुरी सुटली. तो बाहेर आला तोवर आतल्या खोलीतून त्याची आई लक्ष्मी भिंत धरत धरत आली होती. दाराशी येऊन तिने बाहेरच्या जिन्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"कोनी मारली हाक?"

"आजी, गेम है," निकेत म्हणाला.

"त्याचं नाव तुला कोनी सांगलं, स्वप्नाली?"

"कुणाचं नाव?"

मग दशरथनेच सांगितलं, आणि सांगतानाही त्याने ते नाव घेतलं नाही. "तुझा धाकटा काका. त्याचं."

स्वप्नालीला एक काका होता आणि तो दर्यावर गेला तो आला नाही, एवढं तिला ठाऊक होतं. घरात त्याला 'धाकटा' म्हणत. तांडेलांच्या घरात एक रीत होती. दर्यावरून जो परतला नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. हाक ऐकून तो वळतो, पण पोचत नाही, आणि ज्या वाटेला लागला होता तीही त्याला सापडत नाही. लक्ष्मीच्या सासूने हे तिला सांगितलं होतं आणि तिने पोटच्या पोरासाठी ते पाळलं होतं. नाव इतकं पाळलं की पुढच्या पिढीला ते कळलंच नाही. कळलं असतं तर स्वप्नालीने ते कधी घेतलं नसतं.

"आजी, मला खरंच माहीत नव्हतं गं," ती रडकुंडीला आली.

"तुझा काय दोस. पन हाक गेली आता." लक्ष्मीने पाट ओढून दाराशी घेतला आणि ती त्यावर बसली. "आता ह्ये दार लावायचं न्हाय."

पहिले काही तास दशरथला वाटलं, बसेल थोडी, मग उठेल. ती उठली नाही. रात्रीही तिथेच भिंतीला टेकून झोपली. सकाळी दूधवाला आला, त्याचा पायरव ऐकून ती ताडकन सरळ झाली आणि मग पुन्हा मागे टेकली. तिचं ते सरळ होणं पाहून दशरथ धावत तिच्याजवळ आला. लक्ष्मीच्या हृदयाचे ठोके मध्येच अडखळत. गुरुवारी तिला पेसमेकर बसवायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, हे पुढे ढकलायचं काम नाही, ठोका थांबला तर पुन्हा सुरू होईलच असं नाही.

"आये, गुरवारी आपल्याला दवाखान्यात जायचंय."

"मी न्हाय येत. मी गेले आनि तो आला तर?"

"अगं, त्याला हे घर ठाऊक नाही. आपण गावातलं घर सोडलं, इथे बिल्डिंगीत आलो. तो इथे कसा येईल?"

"हाक हितून गेली ना? त्याला हाक ठाव हाय. घर कशाला पायजे?"

आईचं खोटं ठरवायला त्याच्याकडे काही नव्हतं. खरं तर त्याला स्वतःलाही जिन्यावर कुणी चढलं की धस्स व्हायचं. तो स्वतःवरच चिडायचा आणि तरी बाहेर डोकावून यायचा.

"तुम्ही दोघं मायलेक सारखेच," मनोरमा म्हणाली. "ती वाट बघते, तुम्ही घाबरता. दोघांनाही तो येणार हे पक्कं माहीत आहे. मलाच तेवढं माहीत नाही." पण ती सासूला चहा तिथेच दारात नेऊन देत होती, आणि कप घेऊन परत येताना तिचेही डोळे जिन्याकडे जात होते.

मंगळवारी दशरथने चारही आवृत्त्या टेबलावर मांडल्या. त्याचं इंग्रजी नोटिसा वाचण्यापुरतं. तो एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायचा, अडलं की स्वप्नालीला विचारायचा. तिने त्यासाठी सुट्टी घेतली होती.

"तू हे खरं मानतोस, बाबा?"

"मी मानतो की नाही ते सोड. ती मानते. आणि हाक तुमच्या पुस्तकातून गेली, तर वाटही तिथेच असेल."

दुसरी आवृत्ती त्याने लगेच मिटली. जाताना काहीतरी घेऊन जातो, हे वाचून त्याची नजर दाराकडे, आईकडे गेली. ती पाटावर डुलक्या घेत होती. तिची छाती वर येते की नाही हे बघायला तो उठून जवळ गेला. आली. तो परत येऊन बसला.

तिसरीत पाठवायची रीत होती. आलेल्यावर ज्याचा सर्वांत जवळचा हक्क, त्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्याला कुठे जायला मोकळं करतोय ते सांगायचं. पंधराच्या वर पडलं तर तो जातो.

"आजीला फसवायचं?" स्वप्नालीने विचारलं.

"फसवायचं नाही. रीतीने करायचं."

संध्याकाळी निकेतही आला. टेबल उचलून दाराशी लावलं, कारण लक्ष्मी तिथून हलणार नव्हती. दशरथने तिला सगळं समजावून सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं. फासा हातात घेऊन त्याच्या बाजूंवरून अंगठा फिरवला.

"मोठा आकडा पडला तर?"

"तर तो सुटतो. त्याच्या वाटेला लागतो."

"आनि लहान पडला तर?"

"तर थांबतो," निकेत म्हणाला.

लक्ष्मीने मूठ आवळली. "मग मी न्हाय टाकत. मी त्याला जा म्हनू? इतकी वरसं नाव न्हाय घेतलं, आनि आता घेतलं तर जा म्हनायला?"

दशरथला वाटलं, आता आपलंच काळीज बंद पडणार. मध्ये फक्त बुधवार उरला होता. त्याने समोरची चौथी आवृत्ती ओढली. वाचायला नव्हे, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. पहिल्याच पानांवर नियम होते. टेबलाभोवती बसलेल्या कुणाच्याही घरच्या माणसाचं नाव हाकेत वापरू नये. कुणी थांबा म्हटलं तर थांबावं. जी पानं स्वप्नालीला बालवाडी वाटत होती त्यांच्यावरून दशरथचं बोट हळूहळू चाललं होतं.

"हे कुणाच्या तरी घरी झालंय," तो म्हणाला.

"काय?"

"कुणाच्या तरी घरी अशीच हाक गेली असणार. म्हणून हे लिहावं लागलं. उगाच कोण लिहील?"

स्वप्नालीने मान खाली घातली.

पुढच्या पानावर त्याचं बोट थांबलं. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं, मग तिच्याकडे सरकवलं. "हे मला मराठीत सांग. मी चुकीचं वाचत असेन."

तिने वाचून सांगितलं. खेळात बसलेल्या माणसाला मध्येच उठावं लागलं तर दुसऱ्याने त्याची जागा धरावी. जागा धरली आहे तोवर खेळ मोडत नाही आणि आलेला रिकाम्या जागेवरून परत फिरत नाही.

"म्हणजे कोणी उठून बाथरूमला गेलं तर," निकेत म्हणाला.

"ऑपरेशनला गेलं तरी चालेल की," मनोरमा म्हणाली.

दशरथ आईसमोर उकिडवा बसला. "आये, ऐकलंस? पाठवायचं नाही. फक्त तुझी जागा धरायची. दार उघडं राहील. तू जाऊन यायचं."

लक्ष्मीने मुठीतला फासा टेबलावर ठेवला. मग तिने विचारलं, "कोन बसल?"

"मी बसते, आजी," स्वप्नाली म्हणाली. "माझ्यामुळे झालंय."

"तुला तो वळखनार न्हाय, बाय. तू जल्मली न्हवतीस."

"मग मी," मनोरमा म्हणाली.

"तू तरी कुटं आलेलीस तवा?" लक्ष्मीने दशरथकडे पाहिलं. "ह्याला वळखल. ह्यानं बसायचं."

दवाखान्यात रांगेत कुठे उभं राहायचं, कुठला कागद कुणाला द्यायचा, आईला आत नेताना तिचा हात कधी सोडायचा, हे सगळं त्याने मनात शंभरदा घोकलं होतं. तिथे आपण नसलो तर काय काय होईल याचा त्याला अंत लागत नव्हता. आणि त्या वेळी त्याने इथे पाटावर बसायचं, रिकाम्या जिन्याकडे बघत.

"आये, मी तुझ्याबरोबर नको?"

"मला सोबत हाय. त्याला कोन हाय?"

गुरुवारी सकाळी लक्ष्मी उठली. उठताना तिने पाटावर हात ठेवला आणि दशरथ बसल्यावरच हात काढला. मनोरमा आणि स्वप्नाली तिला धरून लिफ्टकडे घेऊन गेल्या. लिफ्टचं दार लागलं आणि दशरथला आठवलं की रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली का, हे विचारायचं राहिलं. तो अर्धा उठला. मग खाली बसला.

दिवस कसा गेला ते त्याला पुढे नीट सांगता आलं नाही. समोरचं दार उघडून हेमालीबेन चहा घेऊन आल्या. "दशरथभाई, पंखे के नीचे तो बैठो."

"नहीं, यहीं ठीक है."

"कोई आने वाला है क्या?"

"हां. भाई है मेरा."

हेमालीबेनना मुलाकडून सगळं कळलं असावं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जाताना त्यांनी आपलंही दार उघडं ठेवलं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दशरथ ताडकन सरळ झाला. वरच्या मजल्यावर चाललेला कुरियरवाला होता. तो निघून गेल्यावर दशरथ पुन्हा मागे टेकला. मग, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, त्याने ते नाव घेतलं. हाक नव्हती ती, आवाजही फुटला नाही धड. "लवू," तो म्हणाला. "आये दवाखान्यात गेलीय. तू आलास तर जरा बस."

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. स्वप्नाली रडत होती, आणि त्याला वाटलं, संपलं.

"बाबा, झालं. नीट झालं. ती शुद्धीवर आहे. बोलायचंय म्हणते."

मग खरखर झाली आणि लक्ष्मीचा आवाज आला, बारीक, लांबून आल्यासारखा. "आला का रं?"

दशरथने जिन्याकडे पाहिलं. हो म्हणावं असं क्षणभर त्याच्या जिभेवर आलं होतं.

"न्हाय, आये," तो म्हणाला. "अजून न्हाय आला. मी बसलोय."

"जेवलास का?"

"तू आलीस की जेवेन."

"मनोरमाला सांगते लवकर यायला," लक्ष्मी म्हणाली. "तू नको उठू."

"न्हाय उठत," दशरथ म्हणाला.