उशाकडची भिंत

नेरूळच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. काका गेल्यावर काही महिन्यांनी त्या सांगू लागल्या, की पाण्याचा पंप लागला की उशाकडची भिंत घरघरते. सेक्रेटरी आले, पंप बंद असतानाच भिंतीला तळहात लावून म्हणाले, "काकू, एकट्याने राहून असं होतं. टेन्शन घेऊ नका." काकूंनी त्यांना दारापर्यंत सोडलं. जिन्यात मला मात्र म्हणाल्या, "काका गेले म्हणून माझे कान नाही गेले गं."

मी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांची कंपनं मोजायचे. साहेबांना विचारून एका रविवारी थरथर निर्माण करणारा छोटा शेकर, सेन्सर आणि कागदावर आलेख काढणारा प्लॉटर रिक्षातून घरी आणला. त्या भिंतीला बाहेरून टाकीकडे जाणारा लोखंडी पाइप क्लॅम्पने आवळलेला होता. खिडकीतून हात काढून शेकर आणि सेन्सर त्याला जोडले आणि थरथरीची फ्रीक्वेन्सी सावकाश वाढवत नेली. कागदावर पेन बराच वेळ सपाट चाललं, मग एकदम वर चढलं आणि तसंच खाली आलं. टोक नेमकं पंपाच्या वेगापाशी होतं, म्हणजे पंप ज्या वेगाने फिरतो त्याच वेगाला पाइप सर्वांत जास्त थरथरत होता.

"हे काय निघालं?" काकूंनी विचारलं.

टोकाच्या उंचीच्या साधारण सत्तर टक्क्यांवर मी आडवी रेघ मारली. "इथे हा डोंगर किती रुंद आहे ते बघायचं. त्या रुंदीला टोकाच्या फ्रीक्वेन्सीच्या दुपटीने भागलं की डॅम्पिंग कळतं, म्हणजे थरथर जिरवायची ताकद. हा तर नुसता सुळका आहे. पाइपात ती ताकद जवळजवळ नाहीच."

"म्हणजे मला भास नव्हता होत."

"अजिबात नाही."

काकू खुर्चीत टेकल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

सेक्रेटरींनी आलेख नीट समजून घेतला. प्लंबरकडून क्लॅम्पमध्ये जाड रबर बसवून घेतलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा मोजलं, तर टोक बुटकं होऊन चांगलं पसरलं होतं, पंपाच्या वेगापासून बाजूला सरकलंही होतं. मग पंप लावला. सेक्रेटरींनी भिंतीला कान लावला; घरघर थांबली होती.

"काकू, तुमचं ऐकायला हवं होतं," ते म्हणाले.

"बसा आता," काकू म्हणाल्या. त्यांनी आम्हा दोघांसाठी पोहे केले आणि त्या दुपारी पहिल्यांदाच काकांविषयी भरभरून बोलल्या.