बेटावरचं वरण

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी लग्नानंतर ग्रीसला निघालीय. परवा तिने मला लिफ्टमध्ये गाठलं. काकी, तुम्ही गेलेलात ना त्या बेटावर, कुठे कुठे जेवायचं ते लिहून द्या ना, आणि माझा नवरा पक्का व्हेज आहे हां. मी 'देते की' म्हणून मोकळी झाले. बोलायला काय जातं! माझं तोंड पहिल्यापासून माझ्या दोन पावलं पुढे चालतं, आणि जे काही बिघडलंय ते त्यापायीच.

त्या बेटावर मी एकटी गेले नव्हते. समोरच्या दारातली माझी मैत्रीण बरोबर होती. सानपाड्यात आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो, तेव्हा रस्त्यापलीकडे नुसता चिखल होता. दोघींची मुलं एकत्र वाढली आणि पाठोपाठ परदेशी गेली. मग दोघींचे नवरेही देवाघरी गेले, आधी माझा, दोन वर्षांनी तिचा. तेव्हापासून सकाळचा चहा तिच्याकडे आणि संध्याकाळचा माझ्याकडे. फरक एवढाच की मी कोकणातली, जवळच्या दिवाळे गावच्या कोळणीशी घासाघीस केल्याशिवाय माझा रविवार रविवार वाटत नाही. ती सोलापूरकडची, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली की मासे-मटण कायमचं बंद. चुकून पोटात गेलं तरी माळ उतरवावी लागते असं ती मानते, आणि तिची माळ तिच्या आईने शेवटच्या दुखण्यात स्वतःच्या हाताने घातलेली.

तिच्या मुलाने तिकडूनच सगळं बुकिंग करून दिलं. आठ दिवस. बाईसाहेबांनी बॅगेत इलेक्ट्रिक कुकर, भाजणी, मेतकूट आणि दोन किलो पोहे घेतले. पहिले तीन दिवस ती खोलीतच जेवली आणि मी बाहेर. समुद्र ओलांडून पोहे खायला आलीस का, म्हणून मी रोज तिला टोचायचे. ती म्हणायची, तू जा, खाऊन ये, मला काही त्रास नाही.

मी गेले. बंदरावर एक जागा होती, तिथे तारेवर ऑक्टोपस वाळत घातलेले, दिवाळे गावात बोंबील घालतात तसे. निखाऱ्यावर भाजून, लिंबू पिळून देतात. पहिला तुकडा खाल्ला आणि 'अगं, बघ तरी' म्हणायला बाजूला वळले, तर खुर्ची रिकामी. बसस्टॉपजवळ एक बेकरी होती, पालक आणि खारट चीज भरलेली कुरकुरीत पुरी मिळायची, उभ्या उभ्या खायची. ती बेकरी मला फार आवडली, कारण तिथे 'एकटीच का' असं कोणी विचारत नव्हतं. बाकी सगळीकडे वेटर एक बोट वर करून विचारायचा आणि समोरचं ताट-काटे उचलून न्यायचा. ते उचलणं रोज मनाला लागायचं.

चौथ्या दिवशी डोंगरावरच्या गावात एक छोटी खानावळ सापडली. मालकीण माझ्याच वयाची, काळ्या कपड्यातली. तिने मेनूकार्ड दिलंच नाही. हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. तिकडे जुन्या खानावळींत तशी पद्धतच आहे म्हणे. भात भरलेले टोमॅटो, भरली ढोबळी मिरची, आणि एका पातेल्यात पिवळंधमक घट्ट वरण. मी तशीच बस पकडून खाली आले आणि मैत्रिणीला घेऊन परत वर गेले. तिने प्रत्येक पातेल्यात वाकून बघितलं, वास घेतला, मग खुर्चीवर बसली. वरणावर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल घालून देतात. तिने दोन ताटल्या खाल्ल्या, तिसरी मागवली. त्या दुपारी आम्ही दोघी इतक्या हसलो की मालकीणही उगीचच हसायला लागली. अख्ख्या सहलीतलं तेवढंच एक जेवण मला खरं लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी तिला परत तिथेच जायचं होतं. मी म्हटलं, आज माझ्या त्या बंदरावरच्या जागेवर चल, तू फक्त ब्रेड आणि सॅलड खा. बिचारी आली. पण तारेवरचे ऑक्टोपस बघून तिने नाकाला पदर लावला तो काढेना. मी खात होते आणि ती तोंड फिरवून बसलेली. मग सहज म्हणाली, "तुझ्या मिस्टरांनी जन्मभर हा वास कसा सोसला गं?"

माझे मिस्टर माझ्याहून जास्त मासे खायचे, हे तिला चांगलं माहीत होतं. ती गंमतच करत होती. पण मला ते झोंबलं. मी म्हटलं, "काल ज्या वरणावर ताव मारलास ना, त्यात माशाचं पाणी होतं. मी विचारलंय तिला."

खोटं. धादांत खोटं. मी काही विचारलं नव्हतं, आणि त्यात डाळ, पाणी, मीठ यापलीकडे काही नव्हतं. तिचा हात माळेवर गेला. ती उठली आणि चालू पडली. तेव्हाच मागे धावायला हवं होतं. मी समोरचं संपवत बसले.

उरलेले दिवस ती कामापुरतं बोलली. घरी आल्यावर तेही बंद. वर्ष होत आलं. सुरुवातीला लिफ्टमध्ये दिसली तेव्हा मी आधी तिचा गळा बघितला. माळ होती. म्हणजे माझ्या बोलण्याला हिने काडीची किंमत दिली नाही, असं वाटून मला उलट रागच आला. बघा स्वभाव! पण सरळ सांगते, मला फार एकटं वाटतं. संध्याकाळी चहा एक कप करायचा असतो, दुधाचा अंदाज अजून चुकतो. मुलगा फोनवर विचारतो, समोरच्या काकी कशा आहेत. मी मजेत म्हणून सांगते.

तर काल त्या मुलीसाठी यादी लिहायला बसले. बेकरी लिहिली. मग डोंगरावरची खानावळ लिहिली, आणि पुढे लिहिलं, 'वरण पूर्ण शाकाहारी, डोळे मिटून खा.' पेन तिथेच थांबलं. परक्या पोरीला कागदावर खरं सांगतेय, आणि जिच्याशी खोटं बोलले ती सहा पावलांवर राहते. चपला न घालताच उठले आणि समोरची बेल वाजवली.

तिने दार उघडलं. मी धडाधड बोलून टाकलं, की वरणात मासा नव्हता, मी रागाने बोलले, मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "माहीत आहे मला. त्याच संध्याकाळी मी एकटी बस पकडून वर गेले होते. माळ दाखवली, हाताने मासा करून दाखवला. त्या बाईने गळ्यातला क्रॉस धरून नाही नाही म्हणून सांगितलं."

मी विचारलं, मग वर्षभर बोलली का नाहीस?

"वरणात काही नव्हतं गं," ती म्हणाली. "पण माझी माळ उतरावी असं तुझ्या मनात आलं होतं ना? ते कुणाकडे जाऊन विचारू?"

मी म्हटलं, चुकलं माझं. ती 'हो' म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेली. दार तिने लावलं नाही. 'ये' असंही म्हणाली नाही. मी तिथेच उभी राहिले.