जऊळक्याच्या मावसाजींचा बंदोबस्त

इंग्रज सरकारने अख्ख्या वऱ्हाडात ठेवला नसेल एवढा बंदोबस्त आमच्या जऊळक्याच्या मावसाजींनी एकट्या आपल्या दारात ठेवला होता. माझ्या मावशीचे हे यजमान मुळातच शंकेखोर. बाजारात गेले की एकेक वांगं उन्हात धरून, उलटंपालटं करून पाहत आणि शेवटी किडकंच घरी आणत. एवढ्या तपासणीनंतर ते किडकं असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं असल्यामुळे मावशीला त्याची भाजी करावी लागे.

त्या साली गावात कांजिण्यांची साथ आली. एखाद्या घरी माता आली म्हटलं की शेजारणी कडुनिंबाचा पाला आणि नारळ घेऊन, लेकरं काखोटीला मारून दर्शनाला जात आणि मातेला आपापल्या घरी यायचं जणू आमंत्रणच देऊन येत. नेमकी तेव्हाच मावशीला, लग्नाला कितीतरी वर्षं लोटल्यावर, दिवस गेले होते. पोटुशीला या आजारापासून जपा, असं मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी बजावलं, आणि मावसाजी दारात खाट टाकून बसले.

मी सुट्टीत गेलो, तर आधी माझीच झडती.

“काहून आला? सदरा वर कर.”

“मावसाजी, मले लहानपणीच येऊन गेल्या.”

“सारेच असं म्हनतात. जीभ दाखव.”

“अन् तुमाले झाल्या म्हंजे?”

“मले कायले होतात? मी टोचेल हावो!”

त्यांच्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचे वण होते. ती लस देवीची, कांजिण्यांशी तिचा संबंध नाही. पण पटकीपासून सासूपर्यंत सगळ्याच संकटांवर मावसाजींची भिस्त त्या वणांवर होती. खपल्या धरलेली, बरी होत आलेली पोरं दिसली की ते काठी उगारत. एकदा शिंपी आला. त्याला कणकण होती, पण अंगावर ठिपका नव्हता. मावसाजींनी नाकाला नाक भिडवून त्याचे कान, घसा, जीभ पाहिली. तो दोनदा त्यांच्या तोंडावर खोकला आणि पास झाला. दुसऱ्याच दिवशी तो पुरळाने भरला आणि दोन आठवड्यांनी मावसाजी.

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो, पुरळ उठायच्या आधीच हा आजार श्वासातून, खोकल्यातून पसरतो. सगळ्या खपल्या धरल्या की भीती संपते. तुम्ही नेमके निरुपद्रवी तेवढे हाकललेत!”

मावसाजींनी घोंगडी उचलली आणि शेतातलं खोपटं गाठलं. इथून पुढे मात्र मला त्यांची थट्टा जमत नाही. मी डबा घेऊन गेलो की ते अंग खाजवत बांधावरूनच ओरडत, “तिच्या अंगावर काई दिसून राह्यलं काय? नीट पाह्य बाप्पा!” मग बाळंतपणासाठी आजी, म्हणजे मावशीची आई, आली. सगळा प्रकार ऐकून म्हणाली, “हिले त पाळण्यातच माता येऊन गेली. मले कोनं इचारलं?” खरंच, कोणीच विचारलं नव्हतं. मी धावत जाऊन मावसाजींना सांगितलं. ते खो खो हसले आणि हसता हसता रडायला लागले.

मुलगी झाली. तोवर खपल्याही पडून गेल्या होत्या. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी ते लेकराच्या धास्तीने आणखी काही दिवस शेतातच राहिले. शेवटी आले, आंघोळ केली, पुन्हा केली आणि मुलीला हातांवर घेतलं, पण आपला श्वास लागू नये म्हणून तोंड भिंतीकडे फिरवून. मावशी म्हणाली, “अवो, पाहा त तिच्याकडे!”

“पाह्यतो ना. थोडे दिवस जाऊ दे.”

नजर भिंतीवरून हलत नव्हती. मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतकं भिऊन कुणी कुणावर माया केलेली मी पुन्हा पाहिली नाही.