ताप आल्याचं सांगायचं नाही: मूल-पोंभुर्णा रस्त्यावरचे चार दिवस

चंद्रपूर जिल्ह्यात चाललेय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "सफारीचं बुकिंग मिळालं का?" यंदा फेब्रुवारीत मी सगळ्यांना सांगितलं, की मी वाघ नाही, डास बघायला चाललेय. लोक हसले. मीही हसले. परत आल्यावर मात्र हसू आलेलं नाही, म्हणून ही पोस्ट उशिरा लिहितेय.

झालं असं, की माझी शाळेतली वर्गमैत्रीण शुभदा डॉक्टर आहे, हत्तीरोगावर संशोधन करते. सरकार दरवर्षी घरोघरी या रोगाच्या गोळ्या वाटतं. फुकट, आणि दारात आणून. तरी काही लोक त्या घेत नाहीत. ते का घेत नाहीत, हा शुभदाचा अभ्यास. तिचा ड्रायव्हर ऐन वेळी आजारी पडला, मला शाळेतून चार दिवस रजा मिळत होती आणि माझ्याकडे गाडी होती. मी नुकतीच पन्नाशी ओलांडलेली, नागपुरात शाळेत भूगोल शिकवणारी बाई. नकाशावर वैनगंगा शेकडो वेळा काढली, पण तिच्या काठी राहिले कधीच नव्हते.

पहिला दिवस

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, सिंदेवाही करत मूल. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण नागभीडनंतर जंगल लागलं की वेग आवरा. 'वन्यप्राण्यांचा वावर' ही पाटी तिथे शोभेला लावलेली नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा, दुचाकीवर असाल तर नक्कीच. भिवापूरला चहा घ्या, तिथल्या मिरचीचं तिखट मात्र आधी चाखा आणि मगच विकत घ्या. मूलला आम्ही बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं त्याचं नाव 'पॅलेस' होतं. खोली स्वच्छ होती, खिडकीची जाळी फाटलेली. शुभदाने बॅग ठेवायच्या आधी जाळीला टेप लावला.

दुपारी पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. कारण पुढे कळेल. मोठा तलाव, पाळीवर, म्हणजे त्याच्या बांधावर, आंब्याची झाडं, पलीकडे कापलेल्या धानाची कोरडी शेतं आणि अलीकडे ढीवरांचा मोहल्ला. इथली माणसं तलावात मासे धरतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात. तलाव नितळ होता. डास मात्र तलावातले नव्हते, ते घरांमागच्या तुंबलेल्या नालीतले होते.

रोगाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. डास चावतो आणि जंतू अंगात शिरतात. ते वर्षानुवर्षं आत राहतात, बाहेरून काही दिसत नाही. मग कधीतरी पाय सुजतो, आणि पूर्ण सुजलेला पाय पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे गोळी घ्यायची ती पाय चांगला असताना. पूर्वी दोन औषधं देत, आता काही जिल्ह्यांत तीन एकत्र देतात, कारण तिन्ही मिळून रक्तातले जंतू जास्त मारतात असं अभ्यासांत दिसलं. आणि एक गोष्ट: ज्याच्या अंगात जंतू असतात, त्याला गोळीनंतर ताप येऊ शकतो, चक्कर येते. जंतू मरतात म्हणून. दोन दिवसांत उतरतो.

डॉक्टरच्या दृष्टीने हा ताप म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. मोहल्ल्यात त्याच तापाचा अर्थ वेगळाच लावला होता. कौसल्याबाईंनी तो आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला.

कौसल्याबाई मासे धरतात आणि विकतात. उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला. शुभदाने त्यांना शिकवलं, की पाय रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, म्हणजे वरचेवर येणारी ताप-सूज कमी होते. त्या म्हणाल्या, "दिवसभर पाण्यातच तं उभी राहतो बाई, अजून काय धुवू?"



त्या दिवशी महाशिवरात्र होती. गोळ्यांची फेरी नेमकी त्याच दिवशी सुरू झालेली. उंची मोजायची काठी (गोळ्या किती ते उंचीवर ठरतं), गोळ्यांचा डबा, सगळं घेऊन गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई दारोदार फिरत होती. प्रत्येक दारात एकच उत्तर: "आज उपास हाय. रिकाम्या पोटी नाई घ्यावं म्हणता न तुमीच?" गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत हे खरं. साबुदाण्याची उसळ पोटात असते हेही खरं. पण वाद कोण घालणार? आशाताई मला हळूच म्हणाली, "उपास नसता तं लग्न असतं, लग्न नसतं तं मयत असती."

आम्ही निघालो तेव्हा कौसल्याबाई गाडीपर्यंत आल्या. मागे त्यांची मुलगी ममता, वीस-एकवीस वर्षांची, हातात सुक्या झिंग्यांची पुडी आमच्यासाठी.

"मॅडम, गोळीनं ज्याले ताप येते, त्याच्या आंगात किडे हाय, असं लोक म्हणते. खरं हाय न?"

शुभदा म्हणाली, "बहुतेक वेळा तसंच असतं. पण ते मरत असतात म्हणून..."

"मराले काई नाई." कौसल्याबाईंनी तिला मधेच थांबवलं. "हिचं लगन जुळलं. होळीनंतर. तिकडं चामोर्शीकडं, नदीपल्याड. माहा पाय पाहून एक जागा मोडली. आता हिनं इथी गोळी घेतली आन् ताप आला, तं सारा मोहल्ला पाह्यते. तुमच्या गाडीत मूलच्या दवाखान्यात घेऊन जा न बाई. तिकडंच चारा गोळ्या. ताप आला तं तिकडंच येऊ द्या."

ममता मान खाली घालून उभी होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती आईच्या पायाकडे बघत म्हणाली, "मले घ्यायची हाये."

दुसरा दिवस

लग्नाची खरेदी असं सगळ्यांना सांगून सकाळी ममता गाडीत बसली. मूलला पोहे खाल्ले (बसस्टँडसमोरच्या टपरीवर, तर्री वेगळी मागून घ्या) आणि सरकारी दवाखान्यात गेलो. तिथेही गोळ्यांचं टेबल होतं. नर्सने काठीशेजारी उभं करून उंची बघितली, मोजून गोळ्या हातावर ठेवल्या, चावायची होती ती समोर चावायला लावली. पाच मिनिटांचं काम. ममता पाणी प्यायली आणि म्हणाली, "एवढंच?"

मग खरंच खरेदी केली. बांगड्या, दोन साड्या, सासूसाठी एक. ममता घासाघीस करण्यात माझी गुरू निघाली. दिवस चांगला चालला होता.

संध्याकाळी लॉजवर तिचे डोळे लाल दिसले. मग थंडी वाजायला लागली, डोकं दुखायला लागलं, उभी राहिली की भोवळ येई. शुभदाने ताप मोजला, तापाची गोळी दिली, ओल्या रुमालाच्या पट्ट्या ठेवल्या. मी उगाच खोलीत येरझाऱ्या घालत होते. मला फार वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ही मुलगी ते जंतू अंगात घेऊन तलावात उतरत होती, बाजारात बसत होती, आणि कुणाला काही दिसलं नव्हतं.

"म्हंजे माह्या आंगात होते," ममता म्हणाली.

"होते. आता मरतायत," शुभदा म्हणाली. "पुढच्या वर्षीही घ्यायची, मग परत. तुझा पाय आईसारखा होऊ नये म्हणून."

ममताने कपाळावरची पट्टी स्वतःच उलटी केली. मग तिने विचारलं, "नवऱ्याले सांगा लागते का?"

शुभदा म्हणाली, "हे तुझं आहे. मी कोणालाच सांगणार नाही."

तिसरा दिवस

सकाळी ताप उतरत आला, दुपारपर्यंत ममता भात-वरण खाऊन ताजीतवानी झाली. परत निघालो. पोंभुर्ण्याचा रस्ता अरुंद आहे, समोरून तांदळाचा ट्रक आला तर गाडी रस्त्याखाली उतरवावीच लागते. पळस पेटले होते. एरवी मी गाडी थांबवून फोटो काढले असते.

कौसल्याबाई दारातच होत्या. त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावला आणि मोठ्याने, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काई झालं का वं?"

ममता म्हणाली, "नाई."

"पाहा!" कौसल्याबाई शेजारणींकडे वळल्या. "घेतल्या माह्या पोरीनं गोळ्या, सरकारी दवाखान्यात. काईच नाई झालं!"

हे असं होईल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तासाभरात मोहल्ल्यातल्या बाया एकेक करून आशाताईकडे यायला लागल्या. ममताला काही झालं नाही, मग आम्हाला काय होणार? ज्यांनी परवा उपास सांगितला होता, त्यांनी काठीपाशी रांग लावली. आशाताई प्रत्येकीला बजावत होती, "ताप आला तं भिऊ नोका." कोणी ऐकत नव्हतं. आशाताईचा चेहरा असा खुलला की ती मला चहा पाजल्याशिवाय सोडेना. शुभदा मात्र कोण कोण गोळी घेतं ते वहीत टिपत होती. मी तिला म्हटलं, अगं, सुंठीवाचून खोकला गेला, आनंद मान. ती म्हणाली, "उद्या बघू."

चौथा दिवस

उद्या उगवला. चार घरांत माणसं तापाने पडली होती. कुणी ओकत होतं, कुणाला गरगरत होतं. शुभदाने सगळ्यांना तपासलं, धोक्याचं काही नव्हतं, पण मोहल्ला ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. समाजमंदिरासमोर बाया जमल्या. एक जण कमरेवर हात ठेवून विचारू लागली, "ममताले काऊन नाई झालं मंग? तिले दवाखान्यातल्या चांगल्या गोळ्या देल्ल्या, आमाले खराब देल्ल्या. गरिबाच्या मोहल्ल्यात खराबच माल येते."

"त्याच गोळ्या आहेत," शुभदा म्हणाली.

"मंग तिले काऊन नाई झालं?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही चौघीच जाणत होतो. शुभदा, मी, ममता आणि, आतापर्यंत लेकीने सांगितलेलं असल्यामुळे, कौसल्याबाई. एक वाक्य पुरलं असतं: तिलाही ताप आला होता, आणि बघा, आज ती चालतेय. मोहल्ला शांत झाला असता. उरलेल्या घरांनी कदाचित गोळ्या घेतल्या असत्या. आणि होळीनंतरचं लग्न संध्याकाळपर्यंत मोडलं असतं.

मी शुभदाकडे बघितलं. कौसल्याबाई सुजलेला पाय पुढे टाकून, रिकामी टोपली कमरेवर घेऊन उभ्या होत्या. ममता आईच्या मागे होती. तिने तोंड उघडलं, मला दिसलं. कौसल्याबाईंनी मागे न बघता तिचं मनगट धरलं.

शुभदा म्हणाली, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

हे खोटं नव्हतं. पण त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. बाया निघून गेल्या. आशाताईने अर्ध्याहून जास्त भरलेला डबा झाकण लावून पिशवीत टाकला. मी आयुष्यात वर्गात पुष्कळ वेळा गप्प बसवलंय मुलांना, पण स्वतः गप्प बसणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

मग परत निघालो. सिंदेवाहीला जेवायला थांबलो, भात उत्तम मिळतो, पण आम्ही दोघींनी अर्धा टाकला. उमरेडच्या पुढे मी न राहवून विचारलं, "सांगायला हवं होतं का?"

शुभदा म्हणाली, "तिने माझ्यावर विश्वास ठेवून गोळी घेतली. मी तिचं नाव घेतलं असतं, तर पुढच्या गावात कोणी ठेवला असता?" मग थोड्या वेळाने, "आणि नाही घेतलं, तर हा मोहल्ला गेला. कुठूनही मोजलं तरी कमीच भरतं."

घरी

ममताचं लग्न झालं. पत्रिका फोनवर आली, मी आहेर पाठवला, आणि मनात म्हटलं, चला, एक तरी गोष्ट धड झाली. झिंग्यांची चटणी मी पावसाळ्यापर्यंत पुरवली.

मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका हळू की मी पंखा बंद केला.

"मॅडम, इथी गोळ्यावाले येऊन राह्यले. माह्या घरच्यायच्या जांघेत गाठ येते कवा कवा, थंडी वाजून ताप येते. शुभदा मॅडमनं सांगितलं होतं न, अशीच सुरुवात होते?"

म्हटलं, हो, नवऱ्याला दवाखान्यात ने आणि गोळ्या घ्यायला सांग.

"सांगून राह्यली न. आयकत नाई. म्हणते, तुह्याच गावाले लोक पडले होते गोळीनं, मले मारतं काय? मी म्हटलं, ताप येते, पन उतरते, काई नाई होत. तं म्हणते, तुले काय माहीत? तुले तं आलाच नाई."

 तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली.

"आली, आली," ती मोठ्याने म्हणाली. मग पुन्हा हळू आवाजात, "मॅडम, ताप न येणारी गोळी कवा निघन?"

मी शुभदाला विचारून सांगते म्हटलं. शुभदाचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. ममताने तोवर फोन ठेवला होता.