मामांनी गोल केलेली कड

माझे मामा आठवडाभर गाड्या रंगवायचे आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर जाऊन रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या बोटींचे डॉक्टर व्हायचे. कुणाची बोट उलटली की नाक मुरडत ती उचलायचे, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी. “शी! बॅटरी सरकवलीस आणि प्रोपेलरही बदललास? मग बिघडलं कशानं ते कळणार कसं? एका फेरीला एकच बदल!” बोलणं बरोबर असायचं. पण त्यातला तुच्छतेचा सूर मला तेव्हाही किळसवाणा वाटायचा आणि आजही वाटतो.

त्या दिवशी बोट त्यांच्याच मुलीची होती. तलावावरच्या शर्यतींच्या संघात एकच जागा उरली होती आणि निवडीच्या शेवटच्या शर्यतीत बोट उलटली तर तीही हातची जाणार होती. गेल्या काही सरावांत बोट पूर्ण वेगात आली की डावीउजवीकडे डुलायला लागायची आणि कलंडायची. मामांनी बॅटरी थोडी पुढे सरकवली. डुलणं तेच. प्रोपेलर तपासला, मग तो फिरवणारा दांडा, शाफ्ट, जरा खाली घेतला. तरी तेच. आता खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं होतं.

“बोटीत काही नाही, हिचा हातच जड,” मामा चारचौघांत म्हणाले. “नाचता येईना, अंगण वाकडं!”

मामेबहीण मान खाली घालून बोट पुसत राहिली. माझं डोकंच फिरलं. मी बोट हिसकावून घेतली, उलटी केली आणि तळाच्या मागच्या कडेवरून नख फिरवलं. ही कड धारदार लागते, नाहीतर पाणी तिला चिकटून राहतं आणि बोट डुलते. इथे नख घसरलं. कड छान गुळगुळीत, गोल होती आणि तिच्यावर मामांनी दिलेला चकचकीत लाल रंग होता. धारेवर रंग टिकत नाही, म्हणून रंगारी कड आधी घासून गोल करतो. मामांनी सवयीनं तेच केलं होतं.

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. मामेबहिणीनं कानस काढली, रंग खरवडला आणि मागची बाजू सपाट घासत कडेला पुन्हा धार आणली. शर्यतीत बोट सरळ पळाली. ती तिसरी आली आणि एकूण गुणांवर तिला जागा मिळाली.

“इतक्या दिवसांत कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?” मामा पुटपुटले.

“माझ्या आलं होतं, बाबा. रंग दिलात त्याच दिवशी,” ती म्हणाली. “पण तुमची चूक तुम्हाला सांगण्यापेक्षा मला हरणं सोपं वाटलं.”