वाटी बुडेपर्यंत मुदत

“साहेब, वाटी बुडेपर्यंत थांबा,” तो म्हणाला. त्याला देशाबाहेर घालवायला मी आलो होतो.

मी तलावाच्या बांधावर, तिकडच्या भाषेत पारीवर, उभा होतो. खिशात ‘लीव्ह इंडिया नोटीस’ होती. म्हणजे परदेशी माणसाला सरकारने लेखी कळवायचं, की अमुक मुदतीत देश सोडा. समोर जांभळीच्या सावलीत एक गोरा, दाढीवाला तरुण उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे पाण्याने भरलेला पातेल्यासारखा गंज, गंजात तरंगणारी पितळेची वाटी. भोवती गावचे शेतकरी. शाळेत निकालाच्या दिवशी आम्ही हेडमास्तरांच्या दाराकडे पाहायचो, तसे सगळे त्या वाटीकडे पाहत होते.

वाटी हळूहळू भरली आणि तळाला गेली.

“बुडली,” तो म्हणाला. “हवालदार, तुमचं झालं. डोमाजी, घ्या तुमच्याकडं.”

कोणीतरी पाटाचं तोंड फिरवलं. त्याने वाटी काढली, रिकामी केली, पुन्हा पाण्यावर ठेवली. मी नोटीस बाहेर काढली.

“साहेब,” तो नम्रपणे म्हणाला, “ही बुडेपर्यंत थांबा.”

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी नवा फौजदार होतो आणि भंडाऱ्याला परदेशी नागरिकांची नोंद ठेवण्याचं टेबल माझ्याकडे होतं. ते मला मिळालं इंग्रजीमुळे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि त्याचं श्रेय कोंढ्याच्या आमच्या गुरुजींना. ते डिक्शनरी पहिल्या पानापासून पाठ करून घेत. त्यामुळे ‘ए’ने सुरू होणारे शब्द मला चांगले येत. ‘अ‍ॅब्स्काँड’ म्हणजे फरार होणे, हा शब्द मी तेव्हाच शिकलो. पुढे नोकरीत कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

टेबलाला काम फारसं नव्हतं. आपल्या जिल्ह्यात परदेशी माणूस कशाला येईल? पण एक दिवस आमच्या पोलीस अधीक्षक साहेबांनी बोलावलं.

“आपल्याकडे एक इराणी आहे म्हणतात. कुठे आहे?”

“रेकॉर्डवर नाही, सर.”

“रेकॉर्डवर असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?”

शोधायला त्रास पडला नाही. साकोलीच्या स्टँडवर विचारलं, तर पानवाल्यानेच सांगितलं, “आपला पाणकर का? एकोडीच्या पुढं जा.” गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथून मला अजून लग्नपत्रिका येतात.

त्याचं नाव फरीद. नागपूरला शेतीचं शिक्षण घ्यायला आला होता. शिक्षण झालं, व्हिसा संपला, पासपोर्टही संपला. नवा पासपोर्ट मागितला तर त्याच्या वकिलातीने सांगितलं, आधी परत या, लष्करात भरती व्हा, मग पाहू. तिकडे इराण आणि इराकचं युद्ध जोरात होतं. हा गेला नाही. कॉलेजातला मित्र प्रल्हाद त्याला सुट्टीत गावी घेऊन आला. पुढे प्रल्हाद नोकरीला लागून निघून गेला, पाहुणा राहिला. मुदत संपल्यावर राहणं म्हणजे आमच्या भाषेत ‘ओव्हरस्टे’. गावाच्या भाषेत त्याला मुक्काम म्हणतात, आणि मुक्कामाची खबर पोलिसांना द्यायची असते हे तिथे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

पण तो नुसता राहिला नव्हता. गावाने त्याला पाणकर केलं होतं.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा माणूस. पाऊस आखडता झाला आणि धान गर्भात आला, की तलावाचं पाणी पाळीपाळीने प्रत्येकाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सोडावं लागतं. या गावात दोन पार्ट्या होत्या. तलावाजवळच्या बांध्या डोमाजींच्या पार्टीच्या, पाटाच्या शेवटच्या बांध्या हवालदारांच्या. हवालदार म्हणजे प्रल्हादचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. दर वर्षी पाण्यावरून डोकी फुटत आणि आम्हाला बंदोबस्त लावावा लागे. पाणकर असा हवा, की ज्याची गावात बांधी नाही, सोयरा नाही, व्याही नाही. असा माणूस सापडत नव्हता. एकदा दुरून एक आणला. वर्षाच्या आत त्याचं गावातच लग्न जमलं आणि तो कामातून गेला.

फरीदचे आजोबा त्यांच्या गावचे पाणकरच होते. तिकडे वाळवंटात पाणी असंच वाटतात. वाटीच्या तळाला बारीक छिद्र पाडायचं, ती पाण्यावर ठेवायची, बुडली की एक पाळी झाली. त्याने भंडाऱ्याच्या कासाराकडून तशी वाटी करून घेतली. पण डोमाजी मानायला तयार नव्हते. हवालदाराच्या घरचं खाणारा माणूस हवालदारालाच जास्त पाणी देणार, हे त्यांचं म्हणणं. पहिल्याच पाळीला वाटी बुडली आणि हवालदार म्हणाले, “राहू दे गा थोडंसं.” फरीदने त्यांचं पाणी बंद केलं. त्या दिवशी डोमाजींनी त्याला जेवायला बोलावलं. मग त्याचा मुक्काम शाळेच्या खोलीत हलवला आणि जेवणाचीही पाळी ठरली, एक दिवस वरच्या पार्टीकडे, एक दिवस खालच्या. तो चांगला गोल झाला होता.

हे सगळं मला पारीवर उभ्या उभ्या कळलं, कारण वाट पाहण्याशिवाय काम नव्हतं. पाणी चालू असताना पाणकराने वाटीवरून नजर काढायची नाही, असा गावाचा नियम. एक वाटी बुडे, दुसरी सुरू होई. मी नोटीस काढत होतो आणि ठेवत होतो. दिवस मावळला तेव्हा कुठे पाटाचं तोंड बंद झालं आणि मी ती वाचून दाखवली.

फरीद सही करायला तयार होता. डोमाजींनी त्याचा हात धरला.

“मुदतीत जाचं म्हंता. मंग माही उद्याची पाळी?”

“डोमाजी, इथे पाळीचा प्रश्न नाही. हा माणूस स्वतःच्या देशाचं लष्कर टाळून आलाय.”

“मंग तर गेलाच पायजे,” डोमाजी म्हणाले. “सारेच असे पळाले त देश कोन राखंन? भगोड्याले हवालदारानं घरात घेतलं, आमाले सांगतलंबी नाई.”

मला हवालदारांचा आधार वाटत होता. मी सरकारचा पगार खाणारा. सरकारने बोलावलं तर माणसाने जायचं असतं, असंच मला प्रामाणिकपणे वाटे. मी म्हणालो, “हवालदार, तुम्ही लढाई पाहिलीय. तुम्हीच सांगा, अशा माणसाला आपल्या देशानं आसरा द्यायचा का?”

हवालदारांनी चिलीम झटकली. “साहेब, मी माह्या मनानं गेलो फौजेत. घरी खायले नव्हतं, थे वेगळं. पन ज्याले बंदूक नोको, त्याच्या हातात बंदूक द्याची, अन् मी त्याच्या पुढं चालाचं? मले नाई जमत.”

 हवालदारांचं म्हणणं पटलं, हे डोमाजींच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. शेवटी म्हणाले, “कायदा म्हंजे कायदा. जाऊ द्या त्याले. पन धान कापल्यावर.”

मी सांगितलं, नोटीस बजावल्याशिवाय मला परत जाता येत नाही. फार तर तुम्ही अर्ज द्या, मी साहेबांपुढे ठेवतो. फरीदने नोटिशीवर सही केली आणि अर्ज मीच लिहिला. मग सही आधी कोणाची, यावर भांडण लागलं. शेवटी फरीदने कागद मध्ये धरला आणि दोघांना दोन टोकांना एकाच वेळी सही करायला लावली.

साहेबांनी अर्ज पाहिला आणि टेबलावर ठेवला.

“हे खोटं आहे.”

“सर?”

“या गावाचे अर्ज मी दर वर्षी वाचतो. डोमाजी हवालदाराविरुद्ध, हवालदार डोमाजीविरुद्ध. या दोघांच्या सह्या एका कागदावर? कोणी केल्या?”

“माझ्यासमोर केल्या, सर.”

“गाडी काढा.”

आम्ही पोचलो तेव्हा पाणी चालू होतं. साहेब ताडताड पारीवर चढले. फरीदने वर न पाहता सांगितलं, “साहेब, वाटी बुडेपर्यंत थांबा.”

मी डोळे मिटले. साहेबांना थांबा म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण डोमाजींनी लगेच बाज आणून टाकली, हवालदारांनी कडक सलाम ठोकला, आणि साहेब बसले. पहिली वाटी त्यांनी रागाने पाहिली. दुसरी नुसती पाहिली. तिसरीला पुढे वाकून म्हणाले, “बुडली.”

“नाई साहेब, काठावर हाय,” डोमाजी म्हणाले.

साहेब आणखी वाकले. “हं. आता बुडली.”

“हाव जी. आता बुडली.”

पुढच्या वाटीला साहेबांनी फरीदला इंग्रजीत विचारलं, की बाबा रे, सगळ्यांना जावं लागतं, मग तूच का गेला नाहीस? फरीदने उत्तर मराठीत दिलं. त्या गावात शिकलेलं मराठी.

“माहा मोठा भाऊ गेला, साहेब. तो वापस नाई आला. मायनं निरोप धाडला, तू येऊ नोको.”

 गंजात वाटी भरली आणि बुडाली. फरीद तिच्याकडेच पाहत होता, पण त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. पाणी डोमाजींच्या बांधीत जात राहिलं. पुढची पाळी हवालदारांची होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाटी बुडलेली पाहत होते आणि गप्प होते. त्या गावात एका पार्टीचं पाणी दुसऱ्या पार्टीने मुकाट्याने जाऊ दिलं, असं त्याआधी कधी झालं नसावं. थोड्या वेळाने डोमाजीच उठले आणि स्वतः जाऊन पाटाचं तोंड फिरवून आले.

जीपमध्ये साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “या गावात यंदा बंदोबस्त लागला?”

“नाही, सर.”

“एकही गुन्हा?”

“नाही, सर.”

“मग लिहा. सदर परदेशी नागरिकाला आत्ता हलवल्यास कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल. सबब पीक कापणीपर्यंत मुदत मिळावी.”

“सर, आपण नेहमी लिहितो, की परदेशी माणूस राहिला तर प्रश्न निर्माण होईल.”

“दर वेळी तेच लिहिलं तर वरचे वाचतील का?”

वरच्यांनी वाचलं. मुदत मिळाली. तेवढ्या दिवसांत मी दिल्लीला पत्र टाकलं. तिथे एक आंतरराष्ट्रीय कार्यालय होतं, परत गेल्यास ज्यांच्या जिवाला धोका आहे अशांची प्रकरणं ते तपासत असे. माझं इंग्रजी ‘ए’च्या बाहेर फारसं चालत नसल्यामुळे पत्रात ‘असायलम’, म्हणजे आसरा, हा शब्द जरा जास्तच वेळा आला. त्यांनी फरीदचं प्रकरण मंजूर केलं आणि पुढे त्याला थंडीच्या एका देशात जागा मिळाली. धान कापून झाल्यावर तो गेला. दोन्ही पार्ट्यांनी त्याला एवढे तांदूळ दिले, की विमानतळावर काय झालं असेल याची मला काळजी वाटत राहिली. वाटी त्याने गावाला ठेवली.

पुढल्या साली पाऊस आखडता झाला, आणि वाटी कोणी धरायची यावरून डोकी फुटली. आम्ही बंदोबस्त लावला.

मग एक दिवस साहेबांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. दोन टोकांना दोन सह्या. खाली मजकूर, की आमच्या गावाला एक परदेशी मिळावा. लष्कर टाळून आलेला असल्यास हरकत नाही, मात्र जिल्ह्यात त्याचा कोणी सोयरा नसावा.

“काय करू, सर?”

“फाईलला लावा,” साहेब म्हणाले. “कोणी सापडला तर आधी मला सांगा. नोटीस नंतर काढू.”

नंतरच्या नोकरीत मी पुष्कळ नोटिसा बजावल्या. मात्र पारीवर, पायरीवर, कुठेही नोटीस खिशातून बाहेर काढण्याआधी मी चौकशी करत असे, की हा माणूस सध्या इथे काय काम करतो. तेवढं विचारलं, की अर्ध्या जिल्ह्याची डोकी शाबूत राहतात.